गोदामं भरलेली, रस्ते बंद : ऑड्री हेपबर्न आणि बैदोआ, १९९२

बैदोआ हा ज्वारीचा मुलूख. सोमालियाच्या दक्षिणेत जुब्बा आणि शबेले या दोन नद्यांच्या मधला हा पट्टा, लाल मातीचा आणि कोरडवाहू शेतीचा. इथला शेतकरी ज्वारी पिकवतो, गुरं आणि उंट पाळतो आणि जास्तीचं धान्य जमिनीत पुरून ठेवतो. पेव म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही. तोंड लहान, पोट मोठं आणि एखाद-दुसरं वाईट वर्ष निभावून नेण्याची ताकद.

१९९१-९२ मध्ये बैदोआची पेवं रिकामी झाली, पण त्याचं मुख्य कारण पाऊस नव्हता. पाऊस कमी पडला होता हे खरं, पण कमी पावसाची वर्षं या लोकांनी आधीही काढली होती. जानेवारी १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बारेची राजवट कोसळली. त्याचं माघार घेणारं सैन्य आणि त्याच्या मागावर असलेल्या टोळ्या याच पट्ट्यातून पुन्हा पुन्हा ये-जा करत राहिल्या. प्रत्येक फेरीत त्यांनी पेवं उकरली, गुरं हाकून नेली, बियाणंही सोडलं नाही. या शेतकरी जमातींकडे लढण्यापुरती शस्त्रं नव्हती. गावं ओस पडली आणि माणसं बैदोआ शहराकडे चालत निघाली. तिथे काही मिळेल म्हणून नव्हे, तर मागे काही उरलं नव्हतं म्हणून.

सप्टेंबर १९९२ मध्ये या शहरात एक ६३ वर्षांची बाई आली. साधा सुती शर्ट, मागे ओढून बांधलेले केस, अंगावर दागिना नाही. जगातल्या सर्वांत जास्त छायाचित्रं काढल्या गेलेल्या चेहऱ्यांपैकी एक चेहरा तिचा होता आणि तिला बघायला जमलेल्या मुलांपैकी एकालाही ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्न युनिसेफची दूत म्हणून तिथे आली होती. तिचा हा सोमालिया दौरा मी प्रकरण म्हणून निवडला त्याला कारण आहे. नटनट्यांच्या समाजकार्यावर आपण दोनच सुरांत बोलतो. एक आरतीचा, दुसरा टवाळीचा. या दौऱ्यात दोन्ही सूर अपुरे पडतात. जिथे भुकेचं कारण बंदूक आहे तिथे एका प्रसिद्ध चेहऱ्याने नेमकं काय होतं आणि काय होत नाही, हे इथे बऱ्यापैकी उघडपणे दिसतं.

वेल्पचा हिवाळा

तिची गोष्ट बैदोआपासून सुरू होत नाही. ती सुरू होते हॉलंडमधल्या आर्नहेमजवळच्या वेल्प या गावात, १९४४ च्या हिवाळ्यात.

४ मे १९२९ रोजी ब्रसेल्समध्ये जन्मलेली ही मुलगी. आई डच सरदार घराण्यातली, वडील ब्रिटिश. ती सहा वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ती इंग्लंडमधल्या शाळेत होती. हॉलंड तटस्थ राहील, तिथे पोर सुरक्षित राहील असा हिशेब करून आईने तिला आर्नहेमला आणलं. मे १९४० मध्ये जर्मन सैन्य हॉलंडमध्ये शिरलं. ऑगस्ट १९४२ मध्ये तिच्या मावशीच्या नवऱ्याला ओलीस धरून गोळ्या घालण्यात आल्या. (आई-वडील दोघंही तिशीच्या दशकात ब्रिटिश फॅसिस्टांच्या वर्तुळात वावरले होते. आईने त्यांच्या पत्रात लेखनही केलं होतं. ऑड्रीने आयुष्यभर हा विषय उघडपणे काढला नाही. तिच्या पुढच्या कामाला प्रायश्चित्त म्हणण्याचा मोह होतो, पण तसा पुरावा माझ्यापाशी नाही.)

सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांनी आर्नहेमचा पूल ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. त्याच सुमारास लंडनमधल्या परागंदा डच सरकारच्या सांगण्यावरून हॉलंडच्या रेल्वे कामगारांनी संप पुकारला. जर्मनांनी सूड म्हणून पश्चिम हॉलंडकडे जाणारी अन्नवाहतूक बंद केली. काही आठवड्यांनी बंदी सैल झाली, तर कडाक्याच्या थंडीने कालवे गोठले आणि नावा अडकल्या. देशाच्या एका भागात धान्य होतं, दुसऱ्या भागात माणसं मरत होती. सुमारे २० हजार लोक त्या हिवाळ्यात गेले. डच लोक त्याला आजही ‘भूक-हिवाळा’च म्हणतात.

पंधरा वर्षांच्या ऑड्रीला पंडुरोग झाला, कावीळ झाली, पायांवर सूज आली. ट्यूलिपच्या कंदांचं पीठ खाल्ल्याचं ती नंतर सांगायची. एप्रिल १९४५ मध्ये वेल्प मुक्त झालं आणि मदतीचे ट्रक आले. त्यात ओट होतं, साखर होती, आटवलेलं दूध होतं. तिने पेजेत भरमसाट साखर घालून खाल्ली आणि ती आजारी पडली.

हा तपशील बहुतेक चरित्रांत गमतीचा म्हणून येतो. पण कुपोषित मुलांबरोबर काम करणारी कुठलीही अंगणवाडी ताई सांगेल की यात गंमत काही नाही. उपाशी शरीराला एकदम भरपेट दिलं तर ते शरीर कोसळू शकतं. म्हणून तीव्र कुपोषित मुलाला आधी पातळ, मोजकं, दर दोन-तीन तासांनी द्यायचं असतं. बैदोआच्या भोजनकेंद्रांत दर थोड्या वेळाने वाटी-वाटी लापशी का वाढतात, हे बाहेरून आलेल्या पत्रकारांना समजावून सांगावं लागे. तिला ते शरीराने ठाऊक होतं.

मदत देणारी ती संस्था म्हणजे उनरा, संयुक्त राष्ट्रांचं युद्धोत्तर मदत आणि पुनर्वसन प्रशासन. ती आवरती घ्यायचं १९४६ मध्ये ठरलं आणि उरलेल्या पैशातून, युरोपातल्या मुलांसाठी, ११ डिसेंबर १९४६ रोजी युनिसेफ उभी राहिली. युनिसेफ माझ्यासाठी काय आहे हे मी अनुभवाने सांगू शकते, असं ती म्हणायची ते या अर्थाने.

चाळीस वर्षांची उधारी

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. १९५३ चा ‘रोमन हॉलिडे’, त्यासाठी ऑस्कर, मग फ्रेंच फॅशनकार जिव्हान्शीचे कपडे, मोठे सिनेमे. १९६७ नंतर तिने काम जवळजवळ थांबवलं आणि स्वित्झर्लंडमधल्या तोलोशनाझ या खेड्यात मुलं वाढवली. धाकटा मुलगा १९७० चा. तो हाताशी आला तेव्हा ती मोकळी झाली.

ऑक्टोबर १९८७ मध्ये मकावला युनिसेफच्या मदतीसाठी एक संगीत मैफल होती. नात्यातल्या एकाच्या आग्रहावरून ती गेली आणि दोन-चार मिनिटं बोलली. सभेत बोलायची तिला मनापासून धास्ती वाटे, पण लोकांनी कान देऊन ऐकलं. मार्च १९८८ मध्ये युनिसेफने तिला दूत नेमलं. मानधन वर्षाला एक डॉलर.

सदिच्छा दूत ही कल्पना नवी नव्हती. १९५४ मध्ये विनोदी नट डॅनी केने तो पायंडा पाडला होता आणि मार्च १९८७ मध्ये तो वारला होता. एक मोठी जागा रिकामी होती. युनिसेफचे तेव्हाचे प्रमुख जेम्स ग्रँट यांना ती भरायची घाई होती, कारण त्यांच्या डोक्यात बालकांच्या जीवरक्षणाची एक क्रांती होती. वाढीचं मोजमाप, जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण या चार स्वस्त गोष्टींवर ती बेतलेली. जलसंजीवनीचं पाकीट खिशातून काढून ते राष्ट्रप्रमुखांसमोर धरायचे. पण पाकिटाचा फोटो कुठलं वर्तमानपत्र पहिल्या पानावर छापणार? त्यासाठी चेहरा लागतो.

मार्च १९८८ मध्येच ती इथिओपियाला गेली. मेकेले या उत्तरेकडच्या गावात ५०० मुलांचं अनाथालय होतं. तिथून परतल्यावर तिने जे मांडलं त्याचा रोख भुकेच्या वर्णनावर नव्हता, धान्याच्या मुक्कामावर होता. देशात मदतीचं धान्य पडून आहे, पण दोन यादवी युद्धांमुळे ते वाटता येत नाही. काही दिवसांतच, एप्रिलमध्ये, इथिओपियाच्या सरकारने परदेशी मदत कर्मचाऱ्यांना उत्तरेतून निघून जायला सांगितलं.

ऑगस्टमध्ये तुर्कस्तान. तिथे लसीकरणाची देशव्यापी मोहीम होती आणि या एका दौऱ्याबद्दल ती खुशीत बोलायची: सैन्याने ट्रक दिले, मासळीवाल्यांनी आपल्या गाड्या दिल्या आणि दहा दिवसांत देश पालथा घातला. मासळीवाले का, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. लस थंड ठेवावी लागते आणि बर्फाशी रोजचा संबंध असणारा माणूस कोण? मग व्हेनेझुएला, इक्वेडोर, मध्य अमेरिका, बांगलादेश, व्हिएतनाम.

एप्रिल १९८९ मध्ये सुदान. यादवीमुळे दक्षिणेकडे अन्न पोचत नव्हतं आणि दोन्ही बाजूंशी वाटाघाटी करून संयुक्त राष्ट्रांनी मदतीसाठी वाटा मोकळ्या करून घेतल्या होत्या. तिथून आल्यावर ती म्हणाली की तिला एकच सत्य लख्ख दिसलं: ही नैसर्गिक संकटं नव्हेत, माणसाने घडवलेल्या शोकांतिका आहेत आणि त्यावर माणसानेच करायचा एकच उपाय आहे, शांतता.

मला वाटतं, तिच्या सगळ्या कामाची किल्ली या वाक्यात आहे. पंधराव्या वर्षी तिने जी भूक भोगली तीही कुणीतरी आगगाड्या थांबवल्यामुळे आली होती. दुष्काळ म्हणजे आभाळाचा कोप, हे तिला कधीच पटलं नसणार. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या महाराष्ट्रालाही ही गोष्ट उलट्या बाजूने माहीत आहे. पिकं बुडाली, विहिरी आटल्या, पण खडी फोडायची कामं निघाली, मिलो आली, सुकडी आली, आणि माणसं खंगली तरी किडामुंगीसारखी मेली नाहीत. कारण धान्य गावापर्यंत पोचवणारी यंत्रणा शाबूत होती. सोमालियात १९९२ मध्ये नेमकी तीच नव्हती.

बैदोआत काय दिसलं

सरकारच नव्हतं, त्यामुळे व्हिसाही मागायचा नव्हता. कुणाकडे मागणार? विमान उतरवायचं आणि खालून कुणी गोळी झाडणार नाही अशी आशा करायची. किस्मायो, बैदोआ, मोगादिशू असा तिचा मार्ग होता.

विमानातून तिला लाल माती दिसली आणि छावण्यांभोवती ती माती समुद्राच्या तळासारखी वळ्यावळ्यांची झालेली दिसली. त्या वळ्या म्हणजे थडगी होती. बैदोआत पोचल्यावर दिसलेल्या पहिल्या गोष्टींपैकी एक म्हणजे रात्रीत मेलेल्यांची प्रेतं गोळा करणारा ट्रक. बरीचशी प्रेतं फार लहान होती. इथिओपिया आणि बांगलादेश पाहून आलेल्या या बाईने नंतर सांगितलं की यासाठी तिची तयारी नव्हती, आपण एका दुःस्वप्नात शिरलो. तिच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट वारंवार यायची, मुलांची शांतता. भुकेलं मूल रडतं हे आपल्याला माहीत असतं. भुकेची एक पायरी ओलांडली की ते रडणंही थांबतं.

आता एक आकडा, जो त्या वेळी तिच्याकडे नव्हता. नंतर साथरोगतज्ज्ञांनी बैदोआच्या विस्थापितांमध्ये घरोघर विचारून हिशेब केला. १९९२ मधल्या एप्रिल ते नोव्हेंबर या काळात तिथल्या छावण्यांमधली पाच वर्षांखालची सुमारे ७४ टक्के मुलं मेली होती. चारातली तीन. आणि बहुतेक मृत्यू थेट उपासमारीने नव्हते, ते गोवर आणि जुलाबाने होते. अशक्त मुलं, दाटीवाटीच्या झोपड्या, घाण पाणी. अशा जागी गोवर शिरला की तो कणसं खुडावीत तशी मुलं खुडतो.

हे इथे ठासून सांगायचं कारण असं की छायाचित्रात भूक दिसते, गोवर दिसत नाही. तिच्या दौऱ्याची जी छायाचित्रं जगभर गेली त्यांत हाडांचा सापळा झालेली मुलं आहेत. ती पाहणाऱ्याला वाटणार, धान्य पाठवा. धान्य हवंच होतं. पण त्याबरोबर गोवराची लस, जीवनसत्त्व अ, स्वच्छ पाणी आणि जलसंजीवनी हेही हवं होतं आणि तेही आधीच. दंडघेर मोजणारी पट्टी आणि लसीची सुई टीव्हीवर कुणाच्या डोळ्यांत पाणी आणत नाहीत. चार वर्षं लसीकरणाचा प्रचार केलेल्या दूताला हे ठाऊक होतं, पण कॅमेरा स्वतःला हवं तेच उचलतो. प्रसिद्ध चेहऱ्याच्या कामाची ही पहिली मर्यादा.

धान्याचं काय चाललं होतं? ऑगस्टच्या अखेरीपासून अमेरिकेची मालवाहू विमानं केनियातल्या मोंबासाहून धान्य आणून टाकत होती. संयुक्त राष्ट्रांचे ५०० पाकिस्तानी सैनिक सप्टेंबरमध्ये मोगादिशूत उतरले, पण विमानतळाबाहेर त्यांना फारसं काही करता येत नव्हतं. बंदरातून निघालेला धान्याचा ट्रक वाटेत लुटला जाई. किती टक्के लुटलं जातं यावर तेव्हाही वाद होता आणि नंतरही राहिला. मदत संस्थांना बंदूकधारी पहारेकरी भाड्याने ठेवावे लागत. मशीनगन बसवलेल्या त्यांच्या उघड्या गाड्यांना तिथे ‘टेक्निकल’ म्हणत. हा खर्च ‘तांत्रिक साहाय्य’ या शीर्षकाखाली दाखवत म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात.

या गोंधळात सर्वांत शहाणी युक्ती आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने काढली, ती म्हणजे सार्वजनिक स्वयंपाकघरं. कोरड्या धान्याचं पोतं पळवून बाजारात विकता येतं. शिजवलेल्या भाताचं पातेलं कोण पळवणार? अशी शेकडो स्वयंपाकघरं सोमालियात चालली. ती चालवणारे बहुतेक सोमालीच होते, त्यात बायका मोठ्या संख्येने. मदतीची जी छायाचित्रं आपल्याला आठवतात त्यांत या बायका क्वचितच असतात. या प्रकरणातला माझा सर्वांत मोठा आक्षेप तोच आहे आणि तो एकट्या ऑड्रीवर नाही. सोमालियाची गोष्ट सांगायला एक युरोपीय नटी लागली, कारण ऐकणाऱ्यांना सोमाली बाईचा चेहरा ओळखीचा नव्हता.

परतल्यावरचं काम

तिचं खरं काम विमानातून उतरल्यावर सुरू व्हायचं. दौऱ्यानंतर तिने एकामागून एक पत्रकार परिषदा घेतल्या. इंग्रजी, फ्रेंच, डच, इटालियन, स्पॅनिश या भाषा तिला येत, त्यामुळे पत्रकाराला त्याच्याच भाषेत उत्तर मिळे. ऐकायला ही बाब छोटी वाटते, पण बातमीच्या धंद्यात ती छोटी नाही. दुभाष्यातून आलेलं वाक्य शेवटच्या पानावर जातं, थेट बोललेलं वाक्य रात्रीच्या बातम्यांत. भाषणं ती स्वतः लिहायची. एप्रिल १९८९ मध्ये अमेरिकन संसदेच्या भूकविषयक समितीपुढे साक्ष दिली तेव्हाही ती मुद्दे वाचून, तयारी करून गेली होती.

त्या उन्हाळ्यात जगाचं लक्ष फुटलेल्या युगोस्लाव्हियातल्या सारायेव्हो शहरावर होतं. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बुट्रोस बुट्रोस-घाली यांनी जुलैमध्ये सुरक्षा परिषदेला टोमणा मारला होता की युगोस्लाव्हियातल्या ‘श्रीमंतांच्या युद्धा’पुढे तुम्हाला सोमालिया दिसत नाही. तेव्हा कमी पडत होतं ते लक्ष, धान्याच्याही आधी. ते आणणं हेच तिचं काम होतं आणि ते तिने केलं. एकटीने नव्हे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन सोमालियात गेल्या आणि पुढे नैरोबीच्या पत्रकार परिषदेत बोलताना त्यांचा आवाज फुटला. पत्रकार आणि मदत कर्मचारी तर महिनोन् महिने तिथेच होते.

३ डिसेंबरला सुरक्षा परिषदेने मदत पोचवण्यासाठी बळ वापरायला मंजुरी दिली. ९ डिसेंबरला अमेरिकन सैनिक मोगादिशूच्या किनाऱ्यावर उतरले, समोर टीव्हीचे दिवे लावून बसलेल्या पत्रकारांच्या उजेडात. इथे काही चरित्रकार कारण आणि परिणाम घाईने जोडतात: ती गेली, जग हललं, सैन्य आलं. मला ते पटत नाही. सैन्य पाठवण्याचा निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला आणि त्यामागे त्यांची स्वतःची गणितं होती. शिवाय बैदोआतल्या मृत्यूंची लाट सैन्य उतरण्याआधीच ओसरू लागली होती. त्याचं एक भीषण कारण असं की ज्यांना मरायचं होतं ते मरून गेले होते. पुढच्या ऑक्टोबरात, १९९३ मध्ये, मोगादिशूच्या रस्त्यांवरच्या चकमकीत १८ अमेरिकन सैनिक आणि शेकडो सोमाली मेले, आणि अमेरिकेने काढता पाय घेतला. त्या दुष्काळात एकंदर किती लोक गेले याचे अंदाज दोन लाखांपासून तीन लाखांपर्यंत आहेत.

तिने सैन्य मागितलं नव्हतं. तिचा आग्रह वेगळा होता. मुलांची काळजी घेण्याचा राजकारणाशी संबंध नाही आणि मदतीचं राजकारण होण्याऐवजी कदाचित काळाच्या ओघात राजकारणाचंच मानवीकरण होईल, अशी आशा ती बोलून दाखवायची. वाक्य सुंदर आहे. बैदोआच्या वाटेवर ते लागू पडत नव्हतं. तिथे एक पोतं कुणाच्या ट्रकमधून, कुणाच्या नाक्यावरून, कुणाला किती देऊन जाणार, हे शंभर टक्के राजकारणच होतं. सुदानमध्ये तिने स्वतः शांततेशिवाय उपाय नाही असं म्हटलं होतं, तेव्हा ती राजकारणच बोलत होती. दूताच्या पदाने तिला त्याहून पुढे, कुणाचं नाव घेऊन बोलायची मुभा दिली नसावी. ही दुसरी मर्यादा. नाव घेतलं की पुढच्या वेळी विमान उतरू देत नाहीत.

कवेत घेणं

तिच्यावर आणखी एक टीका होते. गोरी सुंदर बाई आणि कवेत काळं उपाशी मूल, ही चौकटच अडचणीची. ती आहेच. पण या चौकटीत काय घडत होतं याबद्दल भारतात जन्मलेले संयुक्त राष्ट्रांचे छायाचित्रकार जॉन आयझॅक यांनी जे सांगितलं आहे ते विसरता येत नाही. बांगलादेशात ते तिच्याबरोबर होते. मुलांच्या अंगावर माश्या बसलेल्या असायच्या, इतर पाहुणे क्षणभर बिचकायचे, ही सरळ जाऊन मिठी मारायची. असं आपण आधी कधी पाहिलं नव्हतं, असं ते म्हणतात. आयझॅक यांनी या क्षेत्रातले पुष्कळ पाहुणे पाहिले होते, त्यामुळे त्यांच्या साक्षीला वजन आहे.

तरी मी त्यावर फार भिस्त ठेवणार नाही. माया खरी होती म्हणून चौकट निर्दोष ठरत नाही. इतकंच म्हणता येईल की ती चौकट तिने स्वतःसाठी वापरली नाही. तिचा सिनेमा संपलेला होता, विकायला काही नव्हतं, निवडणूक लढवायची नव्हती. आज एखाद्या अभिनेत्याचा दत्तक गावातला फोटो पाहिला की आपण आधी त्याचा पुढचा सिनेमा कधी लागतो ते बघतो. ही सवय आपल्याला उगाच लागलेली नाही. दुसऱ्या बाजूला, पोलिओच्या ‘दो बूंद’साठी अमिताभ बच्चन यांनी वर्षानुवर्षं दिलेला आवाज आठवा. तिथे आवाजाच्या मागे घरोघरी जाणाऱ्या लाखो स्वयंसेवकांची फौज होती, म्हणून तो आवाज कामाला आला. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. बैदोआत आवाज होता, फौज नव्हती. जी होती ती भलत्यांची.

(जाता जाता: सुंदर ओठांसाठी गोड बोला, सुंदर डोळ्यांसाठी लोकांतलं चांगलं पाहा, अशा अर्थाचा एक मजकूर तिच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरतो. तो तिचा नाही. तिला तो आवडायचा आणि तिने तो मुलांना वाचून दाखवला होता, एवढंच.)

शेवटचे चार महिने

सोमालियाहून परतल्यावर तिच्या पोटात दुखू लागलं. आधी वाटलं, तिकडचा काही संसर्ग असेल. नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसला शस्त्रक्रिया झाली तेव्हा कळलं की अपेंडिक्समधून सुरू झालेला दुर्मीळ कर्करोग पोटभर पसरला आहे. सोमालियाने तिचा जीव घेतला असं भावूकपणे लिहिलं जातं. तो रोग हळू वाढणारा असतो, एका दौऱ्याने होत नाही. इतकं खरं की बैदोआच्या उन्हात फिरत होती तेव्हा तो बहुधा आतमध्ये होता.

डिसेंबरमध्ये अमेरिकेचं स्वातंत्र्यपदक जाहीर झालं, पण ते घ्यायला जायची ताकद नव्हती. नाताळ घरी करायचा होता. साध्या विमानाचा प्रवास सोसणार नव्हता, म्हणून जिव्हान्शीने ओळखीतून खासगी विमान मिळवलं आणि ते आतून फुलांनी भरून घेतलं. २० जानेवारी १९९३ रोजी तोलोशनाझच्या घरी ती गेली. मार्चमध्ये ऑस्कर अकादमीने समाजकार्यासाठीचा जीन हर्शोल्ट पुरस्कार तिला मरणोत्तर दिला. थोरल्या मुलाने तो घेतला.

बैदोआत एप्रिलपासून ‘गू’ लागतो. ज्वारी पेरायचा तो मोठा पाऊस. १९९३ च्या हंगामासाठी मदत संस्थांनी बियाणं वाटलं आणि उरलेली माणसं आपापल्या गावांकडे परतू लागली.

२०१०-११ मध्ये दोन पाऊस लागोपाठ चुकले. दक्षिण सोमालियाचा मोठा भाग तेव्हा अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेच्या ताब्यात होता आणि त्यांनी बहुतेक परदेशी मदत संस्थांना बंदी केली होती. गोदामं केनियात, माणसं अलीकडे. ५ सप्टेंबर २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी बे प्रांतात उपासमारीची सर्वांत वरची पातळी जाहीर केली. बैदोआ त्याच प्रांतात येतं. नंतरच्या हिशेबानुसार त्या संकटात दक्षिण आणि मध्य सोमालियात सुमारे २ लाख ५८ हजार माणसं मेली. त्यातली १ लाख ३३ हजार पाच वर्षांखालची होती.